बाबांच्या नावाची पाटी दरीच्या काठावर नको

प्रति,
रविवारची मंडळी,
इंदूर

सप्रेम नमस्कार.

बाबांना जाऊन येत्या अमावास्येला तीन महिने होतील. एवढ्या दिवसांत एकही रविवार असा गेला नाही की बाबांबरोबर दर रविवारी डोंगरात भटकणाऱ्या तुम्हा मंडळींपैकी कोणी रामबागेत घरी डोकावलं नाही. कोणी पपई आणली, कोणी ओट्यावर बसून नुसता चहा पिऊन गेलं. आई म्हणते, हे होते तेव्हा रविवारी घर ओस असायचं, आता खुर्च्या पुरत नाहीत. तेव्हा हे पत्र रागाचं नाही, एवढं आधीच सांगून ठेवते. पुढे कुठे आवाज चढलाच तर पोरगी बापाच्या वळणावर गेली असं समजा.

पत्र खुलं का, तेही सांगते. गेल्या मंगळवारी शाळेत मधल्या सुट्टीत आमच्या प्रयोगशाळेतल्या भैयाने मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘मॅडम, ये आपके पिताजी हैं ना?’ बाबांचा तिरक्या टोपीतला फोटो, त्याखाली संगमरवरी पाटीचा नमुना, दोन फूट बाय तीन फूट, आणि वर्गणी पाठवायचा नंबर. त्याला तो मेसेज त्याच्या साडूने पाठवला होता. साडूला कोणी पाठवला ते त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे गोष्ट मंडळींच्या हातात राहिलेली नाही, आणि एकट्यादुकट्याला फोन करून भागणारही नाही. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते: महूजवळच्या पाताळपाणी धबधब्याच्या वरच्या काठावर, जिथून दरी दिसते त्या कातळात, बाबांच्या नावाची पाटी बसवू नका.

आता पाटीवरच्या मजकुराबद्दल. ‘निसर्गपुत्र’ मी समजू शकते, पाटी लिहायला बसलं की हात आपोआप तिकडे वळतो. पण ‘माळव्यातल्या अनेक अज्ञात धबधब्यांचा शोध लावणारे’ हे कोणी लिहिलं? बाबांनी वाचलं असतं तर लाल पेन काढलं असतं. पाताळपाणी, टिंछा, मेहंदी कुंड, जोगी भडक, यातलं काय अज्ञात होतं? तिथल्या भिल आणि भिलाला वस्त्यांमधल्या बायका कित्येक पिढ्या त्याच वाटेने मोहाची फुलं वेचायला जातात. कुठल्या ओढ्याला चैत्रापर्यंत पाणी टिकतं ते बाबांना त्यांनीच सांगितलं. बाबांच्या वहीत वाट दाखवणाऱ्याचं गाव असायचं, कधी कधी त्याने दिलेल्या भाकरीचा उल्लेखसुद्धा असायचा. इंदुरातून स्कूटर काढून गेलेल्या माणसाने शोध लावला म्हणणं म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी प्यायचं आणि विहीर मीच खणली म्हणून सांगायचं.

बाबा काय होते हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे नवलच, पण मंडळीत नवी पोरंही आहेत, त्यांच्यासाठी थोडं. बाबा पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन होते. टेबलावर तिरपा बोर्ड, टी-स्क्वेअर, काळी शाई आणि ते सुंदर उभं अक्षर. लग्नपत्रिकांचे पत्ते लिहून घ्यायला अर्धी रामबाग आमच्याकडे यायची. नकाशे वाचणं हा पोटापाण्याचा भाग होता, पण सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, हा खरा शौक. घडीवर फाटली की मागून मलमलीचं कापड चिकटवायचे. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, दोन तपकिरी रेषांमध्ये वीस मीटरची उंची, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. महूच्या अलीकडे त्या रेषा ऐसपैस पसरलेल्या, शेतंच शेतं. आणि दक्षिणेला जिथे माळवा संपतो तिथे इतक्या दाटलेल्या की बोटाखाली काळाच पट्टा. ‘इथे पठार पाय घसरून पडलंय,’ असं बाबा म्हणायचे. लहानपणी मला खरंच वाटायचं की कुणीतरी पडलं आहे आणि ते बघायला आपण दर रविवारी जातो.

जानापावचा बाटलीचा खेळ तर मंडळीत प्रत्येकाने पाहिला असेल. परशुरामाचं जन्मस्थान म्हणून लोक तिथे जातात, कार्तिक पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. बाबा देवळात नमस्कार करून मागच्या बाजूला जायचे आणि पाण्याची बाटली उघडायचे. थोडं पाणी उत्तरेच्या उतारावर. ‘हे गेलं चंबळेत, चंबळेतून यमुनेत, मग गंगा, मग बंगालचा उपसागर.’ चार पावलं चालून उरलेलं पाणी दक्षिणेला. ‘आणि हे नर्मदेत, भडोचला, अरबी समुद्रात.’ मे महिन्यात ते पाणी दोन मिनिटांत जागच्या जागी वाळून जायचं आणि परतीला सगळे तहानलेले असायचे, हा भाग वेगळा. पण नकाशावर कितीही बोट फिरवलं तरी जे डोक्यात शिरत नाही, ते त्या अर्ध्या बाटलीने शिरायचं. यावरून पुढे त्यांची नेहमीची टिप्पणी ठरलेली. पावसाचं पाणी आपण विंध्यावरून खाली घालवतो आणि मग तीच नर्मदा जलूदहून पंप लावून, वीज जाळून, डोंगर चढवून इंदूरला आणतो. घरात नळ उघडा राहिला की हे भाषण व्हायचंच.

पाण्याबद्दल अजून थोडं लिहिते, कारण मला भीती आहे की पाटी लागेल आणि हे मागे पडेल.

पाताळपाणीला मंडळी कुंडात का उतरत नाहीत, असं नवी पोरं विचारतात. मी अकरावीत होते, माझा धाकटा भाऊ दादा नऊ वर्षांचा. चोरल नदीच्या एका फाट्यावर आम्ही सात-आठ जण गेलो होतो. लख्ख ऊन पडलं होतं. ओढा घोट्याएवढा. पलीकडे एक सपाट खडक होता, तिथे बसून जेवायचं ठरलं. डबे अलीकडेच राहिले, ते आणायला कुणीतरी परत जाणार होतं. तेवढ्यात पाण्याचा रंग बदलला. आधी चहासारखा, मग खिचडीसारखा. त्यावर काटक्या, वाळकी पानं, एक चप्पल. आवाज असा की झाडीमागून ट्रक येतोय. बाबांनी आम्हाला खडकाच्या वरच्या टोकाला ढकललं आणि मोजून पाच मिनिटांत घोट्याचं पाणी छातीएवढं झालं. संध्याकाळी साडेचारपर्यंत आम्ही त्या खडकावर होतो. आईच्या पोळ्यांचा डबा डोळ्यांदेखत वाहून गेला. दादा सगळा वेळ रडत होता.

असं का होतं ते बाबांनी नंतर शंभरदा सांगितलं. पाऊस आपल्या डोक्यावर पडावाच लागत नाही. वर पठारावर, आठ-दहा किलोमीटरवर ढग फुटला तरी पुरे. खाली काळा कातळ, वर चिकण काळी माती. एकदा ती माती पाणी पिऊन तट्ट फुगली की थेंब आत घेत नाही, सगळं धावत सुटतं, आणि कड्यापाशी आल्यावर त्याला एकच वाट असते. ज्याच्या डोक्यावर निळं आभाळ आहे त्याला हे कळेपर्यंत वेळ संपलेली असते.

त्या दिवसाची नोंद मी परवा वहीत शोधली. ठिकाण, माणसं, निघायची वेळ आणि खाली दोन वाक्यं. ‘चूक माझी. वर ढग होता, मी पाहिला होता.’

त्यानंतर आषाढ-श्रावणात कुंडात उतरायचं नाही हा नियम झाला, आणि त्यावरून तुमच्यापैकी किमान तिघे त्यांच्याशी भांडून मंडळी सोडून गेले, पुढे परत आले. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीला अचानक आलेल्या लोंढ्यात माणसं वाहून गेली, ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. वाहिन्यांवर ते दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते. बाबांनी टीव्ही बंद केला आणि गच्चीवर जाऊन बसले. जेवायला खाली आले नाहीत. त्यांचा नियम खरा ठरला असं त्यांना एका शब्दानेही म्हणताना मी ऐकलं नाही.

आता पाटीच्या मुद्द्यावर येते.

तुम्हाला तारेचा ब्रश आठवतो? बाबांच्या पिशवीत दोरी, शिटी, टोपोशीट, गूळ-शेंगदाणे आणि एक तारेचा ब्रश. कातळावर कुणी ऑइलपेंटने नाव लिहिलं असेल, बाण घुसलेलं हृदय काढलं असेल, कुठल्या पक्षाचं निशाण रंगवलं असेल, की बाबा उकिडवे बसून घासायला लागायचे. थिनर लावलं तर मिनिटात निघतं, पण ते ओघळून पाण्यात जातं म्हणून थिनर नाही. कोरडंच घासायचं. एका ‘विक्की’ला त्यांनी तीन रविवार दिलेत. बँकेतले काका एकदा म्हणाले होते, साहेब, तो विक्की आता पोराबाळांचा बाप झाला असेल, सोडा त्याला. बाबा म्हणाले, झाला असेल तर पोरांना घेऊन येईल, त्यांनी काय वाचायचं?

त्याच कातळात तुम्ही चार भोकं पाडून, सिमेंट भरून, संगमरवर बसवणार. मकराण्याचा संगमरवर काळ्या बेसॉल्टवर, लांबून वॉशबेसिन लावल्यासारखं दिसेल ते. आणि पुढच्या दिवाळीच्या आत त्यावर कुणीतरी बाण घुसलेलं हृदय काढेल. ते घासायला कोण येणार आहे?

दादा म्हणतो, लावू दे ना ताई, काय बिघडतं, लोकांचं प्रेम आहे. दादा पुण्यात असतो. त्या खडकावरच्या दुपारनंतर तो पुन्हा कधी बाबांबरोबर डोंगरात गेला नाही, आणि बाबांनी त्याला कधी आग्रह केला नाही. दोघांचं जमायचं ते क्रिकेटवर आणि सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसावर. त्याला आता असं वाटतं की डोंगरात बाबांचं काहीतरी असावं, जे त्याला मुलांना दाखवता येईल. मला ते कळतं. फोनवर आम्ही तासभर वाद घातला, मग मी फोन आईच्या हातात दिला. आई काय म्हणाली ते पुढे सांगते.

त्याआधी सोमवारची गोष्ट. मंडळींनी बाबांना रविवारीच पाहिलं आहे, म्हणून.

परतताना बाबा वाटेवरचा कचरा एका पोत्यात भरून आणायचे हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीही भरायचात. पुढे त्याचं काय व्हायचं? रविवारी रात्री बाबा मोरीत बसून ते पोतं उपसायचे. चिप्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, डिस्पोजल ग्लास, एखादी बाटली लपवून आणल्यासारखी. प्लास्टिक वेगळं, काच वेगळी, ओलं वेगळं. आई नाकाला पदर लावून म्हणायची, दुसऱ्याचं उष्टं घरात आणणारे तुम्ही पहिलेच. सोमवारी सकाळी कचरागाडी आली की बाबा स्वतः खाली जाऊन एकेक पिशवी योग्य कप्प्यात टाकायचे. शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, त्याचा त्यांना भारी अभिमान होता, आणि तेच शहर रविवारी महूच्या पुढे गेलं की हात झटकतं याचा तेवढाच संताप. गाडीवरच्या पोराशी त्यांची चांगली गट्टी होती. तेराव्यानंतरच्या सोमवारी तो फाटकाशी थांबला. ‘माताजी, अंकल का थैला नहीं आया?’ आईने त्याला सांगितलं. त्याने गाडी बंद केली, खाली उतरला, चप्पल काढून आत आला आणि फोटोला नमस्कार केला. गल्लीत मागे दोन कार हॉर्न देत होत्या.

त्यांचा गुडघा गेल्यापासून, म्हणजे शेवटची चार वर्षं, ते तुमच्याबरोबर वरपर्यंत येत नव्हते, गाडीपाशी बसून राहायचे. तेव्हा त्यांचा खरा सोबती माझा मुलगा झाला. धार रोडवरचा सिरपूर तलाव रिक्षाने जाण्यासारखा. सातवीतलं पोर, हातात आजोबांची दुर्बीण. वारकरी पक्षी दिसले की आजोबा टाळी द्यायचे. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, पाण्यावर दिंडीसारखे ओळीने चाललेले. हळदी-कुंकू बदकावर तर दोघांचा वाद, हळद चोचीच्या टोकाला असते आणि कुंकू मुळाशी, की उलट? २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही रामसर यादीत गेले तेव्हा बाबांनी गल्लीत पोहे वाटले, वर सेव, जीरावन, सगळं साग्रसंगीत. समोरच्या आजींनी हात जोडले आणि विचारलं, रामाच्या कुठल्या सरोवराचं नाव दिलं? बाबांनी त्यांना सांगितलं की रामसर हे इराणमधलं गाव, तिथे १९७१ मध्ये पाणथळ जागांचा करार झाला म्हणून ते नाव. आजी म्हणाल्या, असू दे, राम आहे ना त्यात. बाबा निरुत्तर झालेले मी तेवढेच पाहिले.

मुलगा आता एकटा सिरपूरला जात नाही. दुर्बीण अभ्यासाच्या टेबलावर असते. तुमच्यापैकी सुदामा नगरचे दोघे भाऊ त्याला एखाद्या शनिवारी नेतील का, असं मी विचारणार होते, ते इथेच विचारून टाकते.

आणखी एक. समाचाराला आलेल्यांपैकी बरेच जण म्हणाले की डोंगरावर, आवडत्या जागी प्राण गेला असता तर भाग्याचं. नका म्हणू असं. बाबा अकरा दिवस एका हॉस्पिटलात होते, खोलीला खिडकी नव्हती, हे खरं. त्यांनी दोनदा खोली बदलायला सांगितलं, मिळाली नाही. मला अजून त्या खोलीचा राग येतो. पण त्या अकरा दिवसांत आईने त्यांचे हात पुसले, दादा रात्रीच्या गाडीने आला, नातवाने त्यांना मोबाइलवर दूधराजाचा आवाज ऐकवला. दूधराज म्हणजे आपला स्वर्गीय नर्तक, मध्य प्रदेशचा राज्यपक्षी. बाबांनी डोळे न उघडता ‘मादी’ म्हटलं. बरोबर होतं की नाही देव जाणे, पण आम्ही सगळे हसलो. डोंगरावर यातलं काय झालं असतं? आणि खाली आणायला तुम्हीच गेला असतात, पावसात, दोरी घेऊन.

आता आई.

तुम्ही आईला डब्यावरून ओळखता. चाळीस वर्षं रविवारी पहाटे चारला उठून तिने मंडळींसाठी पोळ्या लाटल्या. लसणीची चटणी, मेथकूट, उन्हाळ्यात कैरीचा तक्कू. आजी अंथरुणाला खिळलेली होती, मग आम्ही लहान, मग तिचे स्वतःचे गुडघे. ती एकदाही तुमच्याबरोबर आली नाही. डबा मात्र एकही रविवार चुकला नाही. बाबा घरी आल्यावर तिला सगळं सांगायचे, कुठे पळस फुलला, कुठल्या कड्यावर मधाची पोळी होती. ती पोळपाट धुता धुता ऐकायची. तिच्या डोक्यात अख्खा विंध्य आहे, पण तो पोळपाटाच्या बाजूने पाहिलेला.

फोनवर दादाचं म्हणणं तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘माझं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने खरवडलं. मग त्यांचं कशाला ठेवायचं?’

आम्हा दोघांनाही काही कळेना. मग तिने सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता.

लग्न १९७६ सालचं. तेव्हाच्या रीतीप्रमाणे आईचं माहेरचं नाव बदललं, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं ते नवं नाव आजीने निवडलेलं. आईला ते कधी आवडलं नाही, पण तसं म्हणायची सोय नव्हती. त्या पहिल्या पावसाळ्यात बाबा ऑफिसातल्या दोस्तांबरोबर छोट्या लाइनने, म्हणजे मीटरगेज गाडीने, कालाकुंडला गेले. होळकरांनी इंग्रजांना एक कोटीचं कर्ज देऊन बांधून घेतलेली ती लाइन, पाताळपाणीला टंट्या मामाच्या, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिलाच्या, देवळापाशी गाडी थांबायची, मग बोगद्यांमधून घाट उतरून कालाकुंड, आणि स्टेशनावर पळसाच्या पानातला कलाकंद. बाबांच्या पिशवीत ऑफिसातला पांढरा रंग आणि ब्रश होता. नदीकाठच्या एका खडकावर त्यांनी आईचं नाव लिहिलं. माहेरचं. चार अक्षरं, ड्राफ्ट्समनच्या उभ्या वळणात, वर शिरोरेषा पट्टी लावून आखलेली. घरी येऊन कानात सांगितलं. घरात त्या नावाने तिला हाक मारणारं कोणी नव्हतं. तिचे वडील गेल्यावर तर कुठेच कोणी राहिलं नाही.

पुढे मंडळी जमली, ब्रश आला. आईच्या म्हणण्याप्रमाणे बाबांनी पहिल्यांदा घासलं ते हेच. मी वह्या काढल्या. सापडलं. ‘कालाकुंड. आधी आपलं. दोन अक्षरं निघाली, दोन बसून आहेत. सरकारी रंग चांगला असतो.’

‘मला न विचारता लिहिलं आणि न विचारता खोडलं,’ आई म्हणाली. रागाने म्हणाली की कशी, ते मी सांगू शकणार नाही, मान खाली होती, मेथी निवडत होती. मग म्हणाली, ‘कुठली दोन राहिली ते एकदा बघायचं होतं.’

तर मंडळी, जमलेली वर्गणी ज्याची त्याला परत करा. कोणी घेतच नसेल तर त्यातून नवी दोरी घ्या, जुनी मी पाहिली, ती आता कपडे वाळत घालायच्या लायकीची आहे. मेसेज जिथे जिथे गेला तिथे हे पत्रही जाऊ द्या.

आणि पाताळपाणी ते कालाकुंड हेरिटेज गाडी २०१८ पासून चालते, तिची तिकिटं काढा. काचेच्या मोठ्या खिडक्यांचा डबा असतो त्यात, आईला खिडकीची जागा. घाट तिला गाडीतून दिसेल, चढायचं-उतरायचं काही नाही. स्टेशनापासून नदीपर्यंत मात्र हळू चालावं लागेल आणि मध्ये दोनदा बसावं लागेल, तेव्हा डॉक्टरीण बाईंकडची घडीची खुर्ची बरोबर घ्या. खडक नेमका कुठे आहे ते वहीत आहे, मी टोपोशीटवर खूण करून ठेवली आहे. दादा पुण्याहून येतो म्हणाला. पाण्याच्या बाजूला जायचं का, हे त्याने लगेच विचारलं. मी म्हटलं, आभाळ बघून ठरवू.

डबा या वेळी तुम्ही आणायचा. आईला मेथकूट चालत नाही, चाळीस वर्षं करून कंटाळली आहे. लसणीची चटणी चालेल, तिखट कमी.

तुमची,
त्यांची मुलगी
रामबाग, इंदूर